‘ध’ तरी कुठं निर्दोष होता?



आपल्या मराठीत ‘निकाल लावणे’ या एका क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. शाळेचा निकाल लागतो, आणि एखाद्या माणसाचाही ‘निकाल लावला’ जातो. यंदाच्या मराठी भाषा गौरव दिनी, म्हणजे २७ फेब्रुवारीला, आमच्या नववीच्या वर्गात हे दोन्ही अर्थ एकाच तासात फळ्यावर आले. तो तास मी शिकवायला गेलो होतो, पण त्यात धडा मलाच मिळाला. तोच आज तुमच्यापुढं मांडतो.

गौरव दिन हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. दरवर्षी आपण काय करतो? फोटोला हार, दोन भाषणं, चार कविता, आणि मुलं घरी. यंदा ठरवलं की त्यांच्या एका नाटकाची गोष्ट सांगायची. ‘नटसम्राट’ सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ‘राजमुकुट’ घेतलं. वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून केलेलं हे नाटक १९५४ साली रंगभूमीवर आलं. त्याच्याही आधी, १८९८ मध्ये, शि. म. परांजप्यांनी याच नाटकावरून ‘मानाजीराव’ लिहिलं होतं. म्हणजे हे चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक मराठीत शंभर-सव्वाशे वर्षं नांदतंय.

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, “सर, खुनाखुनीचं नाटक नववीला कशाला? अभ्यासक्रमात तरी आहे का?” अभ्यासक्रमात नाही हे खरं. पण खुनाखुनी मुलं रोज मोबाइलवर बघतात. खुनाच्या आधी माणसं एकमेकांशी काय बोलतात, हे मात्र त्यांना कुणी दाखवत नाही.

भावी राजाचा फ्लेक्स

गोष्ट थोडक्यात अशी. मॅकबेथ हा स्कॉटलंडच्या राजाचा शूर सरदार आणि नातलग. लढाई जिंकून परत येताना त्याला तीन चेटकिणी भेटतात. पहिली त्याला त्याच्या आजच्या पदवीनं हाक मारते. दुसरी एका नव्या पदवीनं, जी राजानं त्याला नुकतीच दिलेली आहे पण त्याच्यापर्यंत बातमी पोचलेली नाही. तिसरी त्याला होणारा राजा म्हणते.

मुलांना विचारलं, “चेटकिणींनी त्याला खून करायला सांगितलं का?” वर्ग शांत. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, “न्हाय सर. त्यांनी फक्त फ्लेक्स लावला. भावी राजा.”

हसू नका. मॅकबेथच्या पहिल्या अंकावर याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही. आपल्याकडं चौकाचौकात ‘भावी सरपंच’, ‘भावी आमदार’ लागलेले असतात. त्या ‘भावी’ शब्दात कुणाला हटवायचं हे लिहिलेलं नसतं. पण खुर्ची एकच असते आणि तिच्यावर कुणीतरी बसलेलं असतं. चेटकिणींनी मॅकबेथच्या मनात नवं काही घातलं नाही. जे होतं त्याला ‘भावी’ असं सभ्य विशेषण लावून दिलं. माणसाला मोह पडायला तेवढं पुरतं.

एकांतात ‘खून’, दोघांत ‘काम’

आता भाषेकडं या. मॅकबेथ एकटा असतो तेव्हा स्वतःशी ‘खून’ हा शब्द उच्चारतो. चेटकिणी भेटल्यावर लगेचच तो शब्द त्याच्या मनात येतो आणि तो दचकतो. राजा घरी जेवत असताना तो बाहेर येऊन पुन्हा विचार करतो: हा राजा, हा नातलग, हा माझ्या घरचा पाहुणा. तिथंही सुरुवात ‘ते’ या सर्वनामानं होते, पण थोड्याच वेळात हत्येचं नाव त्याच्या तोंडी येतंच. म्हणजे त्याला सगळं कळतंय.

पण बायकोशी बोलताना? तिथं तो शब्द गायब. तिथं ते ‘काम’ होतं. ती म्हणते, येणाऱ्या पाहुण्याची व्यवस्था लावली पाहिजे. वरवर ऐकलं तर घरधनीणीचं साधं वाक्य: जेवण, अंथरूण, पाणी. आत अर्थ दुसराच. मराठीत हे समजावून सांगावंच लागत नाही, कारण ‘व्यवस्था लावणे’, ‘बंदोबस्त करणे’, ‘काटा काढणे’, ‘निकाल लावणे’ ही सगळी भांडी आपल्या घरात आहेतच. मुलांनी पाच मिनिटांत असे अकरा वाक्प्रचार फळ्यावर लिहिले. त्यातले काही मलाही नवे होते.

माझ्या मते या नाटकाचं मर्म इथं आहे. महत्त्वाकांक्षा वाईट असते, हा त्याचा बोध आपण उत्तरपत्रिकेत लिहून घेतो आणि दोन गुण देतो. पण नाटक त्याहून बारीक गोष्ट दाखवतं. हाव ज्या क्षणी शब्द बदलते, त्या क्षणी ती धोक्याची होते. जे आपण एकांतात खऱ्या नावानं ओळखतो, ते चारचौघांत दुसऱ्या नावानं बोलायला लागलो की समजावं, पाय घसरलाय.

आपल्या घरची गोष्ट

स्कॉटलंड मुलांना लांब वाटलं, म्हणून मी त्यांना पुण्याला आणलं. शनिवारवाडा बहुतेकांनी सहलीत पाहिला होता. ‘काका, मला वाचवा’ सगळ्यांना ठाऊक. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वाड्यातच खून केला. वय जेमतेम अठरा. काका राघोबादादा तेव्हा वाड्यातच नजरकैदेत होते. आख्यायिका अशी की, दादांनी गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘नारायणरावास धरावे’ असं होतं आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ते ‘मारावे’ केलं. अक्षर खरोखर कुणी बदललं का, बदललं तर कुणी, यावर इतिहासात वाद आहेत. पण मराठीला त्यातून एक वाक्प्रचार कायमचा मिळाला. याच प्रसंगावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिलं. पुढं दुर्गाबाई खोटे यांनी ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाईही केली आणि ‘राजमुकुट’मधली लेडी मॅकबेथच्या जागची नायिकाही. रंगभूमीनं या दोन बायकांचं नातं बरोबर ओळखलं होतं.

मी फळ्यावर लिहिलं: ‘नारायणरावास धरावे.’ नववीला प्रयोग शिकवून झालेले होते. विचारलं, “कर्ता कोण?”

मुलं शोधत राहिली. कर्ता नाहीच.

“धरावे, पण कुणी? आणि सांगतंय कोण?” वाक्यात दोघंही नाहीत. हा भावे प्रयोग. कर्माला ‘स’ लागला आहे, म्हणून क्रियापद कर्माप्रमाणं चालत नाही, आणि कर्ता तर हजरच नाही. एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे हे क्रियापद कुणाचंच ऐकत नाही.” व्याकरणाच्या पुस्तकात ही व्याख्या घालायला हरकत नाही.

मित्रहो, भावे प्रयोग शिकवायला आपण वर्षानुवर्षं ‘शिपायाने चोरास पकडले’ वापरतो. एकदा हे वाक्य वापरून बघा. जबाबदारी टाळणाऱ्याला व्याकरण किती मदत करतं, हे मुलांना लगेच दिसतं. ‘मी काच फोडली’ आणि ‘काच फुटली’ यातला फरक प्रत्येक मुलाला दुसरीपासून माहीत असतो. नाव फक्त आपण नंतर शिकवतो.

मग मी पुढचा प्रश्न विचारला. “दोष कुणाचा?” मुलगे एका सुरात म्हणाले, “बाईचा!” मॅकबेथलाही बायकोनं भरीस घातलं आणि राघोबादादांनाही. मोठ्यांकडून ऐकलेलं तेच ते सांगत होते.

तेव्हा ती मघाचीच मुलगी उठली. म्हणाली, “पण सर, ‘धरावे’ तरी का लिहिलं? पेशव्याला धरायचं म्हणजे बरोबर होतं का?”

मी वीस-बावीस वर्षं ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार शिकवतोय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपण सगळं लक्ष एका बदललेल्या अक्षरावर ठेवतो आणि ते अक्षर बदलणाऱ्या बाईवर. पण राज्याच्या धन्याला धरण्यासाठी भाडोत्री गारदी वाड्यात घुसवायचे, हा बेत ‘ध’मध्येच होता. ‘ध’ निर्दोष नव्हता. ‘मा’नं फक्त वाक्य पुरं केलं. मॅकबेथचंही तसंच. बायकोनं पाणी घातलं असेल, पण बी पत्रातून घरी पाठवलं ते त्यानंच. चेटकिणींची बातमी त्यानंच तिला लिहून कळवली होती. आमच्या वेळापूरचं दैवत अर्धनारीनटेश्वर. दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीत अर्धा भाग वेगळा काढून त्याच्यावर सगळं ढकलता येत नाही, हे आम्हाला तरी समजायला हवं.

आणि साधी, सरळ भाषा बोलणारा माणूस? तो पुण्याच्या गोष्टीत आहे: रामशास्त्री प्रभुणे. चौकशी करून त्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. समोर खुद्द पेशवेपदावर बसलेला माणूस असताना त्यांनी खुनाला खून म्हटलं. ‘प्रभात’नं १९४४ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यात गजानन जागीरदारांनी शास्त्रीबुवा केले. इतक्या वर्षांनीही आपल्याला ते आठवतात. शिक्षा पुढं अमलात आली नाही, तरीही आठवतात. गोष्टीला तिच्या नावानं हाक मारणारा एक माणूस त्या वाड्यात होता, एवढ्यासाठी.

मला न आलेलं उत्तर

इथवर तास छान चालला होता. मग शेवटच्या बाकावरच्या, एरवी गप्प असणाऱ्या एका मुलानं विचारलं, “सर, परीक्षेत सहकार्य करा म्हणत्यात, ते पण असंच का वो?”

वर्ग माझ्याकडं बघत होता. बारावीचे पेपर सुरू होते, दहावीचे तोंडावर आले होते. ‘सहकार्य’ म्हणजे काय, हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक होतो. कुणी मला कॉपी करू द्या म्हणालं नाही. असं कुणी म्हणतच नाही. ‘जरा सांभाळून घ्या.’ ‘वातावरण मोकळं ठेवा.’ ‘आपलीच पोरं आहेत.’ ‘निकाल लागला पाहिजे.’ चारही वाक्यं पुन्हा वाचा. एकातही ‘कॉपी’ शब्द नाही, आणि शेवटच्यात तर कर्ताही नाही. मी खिडकीपाशी उभा राहिलो आणि बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडं बघत राहिलो. मागं कागदांची कुजबुज. वळलो तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून एकटी लिहीत होती. मध्येच तिनं वर बघितलं आणि विचारलं, “सर, किती वेळ राहिलाय?” घड्याळ भिंतीवर तिच्या समोरच होतं. ती वेळ विचारत नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हणालो, “अर्धा तास,” आणि पुन्हा झाडाकडं बघितलं.

त्या दिवशी कुणाचा खून झाला नाही. पण तिच्या वर्षभराच्या अभ्यासाचा आम्ही सगळ्यांनी मिळून ‘निकाल लावला’, आणि त्याला ‘सहकार्य’ म्हटलं. हुकूम तोंडीच होता, अक्षर बदलायची गरजही पडली नाही.

हे सगळं मी नववीच्या त्या वर्गाला सांगितलं. सांगावं की नाही, याचा विचार करायला वेळ नव्हता. सांगून झाल्यावर तो मुलगा म्हणाला, “म्हणजे ध होता सर.” मी म्हणालो, “हो. ध होता.”

पालकहो, तुमच्यासाठी

तुम्हीही या गोष्टीत आहात. गावात कुणालाही विचारा, कसं काय चाललंय? उत्तर येतं, “यंदा आमची दहावी आहे.” “आमचं नीट आहे.” अहो, दहावी पोराची आहे. या ‘आमची’मध्ये माया आहे, हे मान्य. पहाटे उठून डबा करणारी आई आहे, उसाच्या बिलावर क्लासची फी भरणारा बाप आहे. पण त्याच ‘आमची’मध्ये कुणाची इच्छा कुणाच्या अंगावर चढवली जातेय, हेही झाकलं जातं. शेक्सपिअरनं मॅकबेथच्या राज्यपदासाठी कपड्यांची उपमा पुन्हा पुन्हा वापरली आहे: दुसऱ्याचा झगा अंगावर ढगळ होतो, नीट बसत नाही. आपल्याकडं लग्नात भाड्यानं आणलेली शेरवानी घातलेला नवरदेव सारखा खांदे सावरत असतो, तसं. ढगळ झग्यात अवघडलेली मुलं मला दरवर्षी अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत दिसतात.

म्हणून एकदा फक्त वाक्य बदलून बघा. “मला वाटतं तू डॉक्टर व्हावंस. तुला काय वाटतं?” यात कर्ता आहे, इच्छा कुणाची हे स्पष्ट आहे, आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा आहे. ‘आपल्याला डॉक्टर व्हायचंय’ या वाक्याला पोर नाही कसं म्हणणार?

मुलांनी मोठी स्वप्नं बघू नयेत, असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्याकडची पोरं शहराच्या तुलनेत आधीच कमी मागतात. आषाढीच्या वाटेवर माऊलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला येते, तेव्हा वारकरी धावा करतात. पंढरी जवळ आली म्हणून म्हातारी माणसंसुद्धा उतारावरून धावत सुटतात. आमच्या मुलांनी ते लहानपणापासून पाहिलंय. त्या धावण्यात ओढ असते, तहान असते. पण कुणी कुणाला पाडत नाही, आणि पडलाच तर दहा हात पुढं येतात. कुठं धावतोय हे तोंडानं मोठ्यानं सांगत धावतात. महत्त्वाकांक्षेची एवढी एक कसोटी पुरे आहे: जिथं पोचायचंय आणि ज्या वाटेनं पोचायचंय, ते दोन्ही मोठ्यानं, खऱ्या नावानं सांगता येतं का?

वर्गात काय करता येईल

त्या तासापासून मी तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. खर्च काही नाही.

१. *गोल शब्दांची वही.* बातम्यांत, भाषणांत, घरात ऐकलेले झाकपाक करणारे शब्द मुलं एका बाजूला लिहितात आणि समोर त्याचा सरळ अर्थ. ‘समज दिली’, ‘तडजोड झाली’, ‘सोय केली’, ‘वरून सांगितलंय’. वही महिन्यात भरते.

२. *कर्ता शोधा.* वर्तमानपत्रातल्या पाच वाक्यांतला हरवलेला कर्ता शोधायचा. ‘झाडे तोडण्यात आली.’ कुणी तोडली? प्रयोग हा घटक यातून इतका पक्का होतो की वेगळा सराव लागत नाही.

३. *‘ध’ कुठं होता?* कुठल्याही कथेत, इतिहासाच्या धड्यात, किंवा मैदानावरच्या भांडणात, शेवटच्या चुकीवर न थांबता पहिली चूक शोधायची. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीतल्या दोन मारामाऱ्यांची मुळं मुलांनी स्वतः शोधली. एकीचं मूळ माझ्याच एका बोलण्यात निघालं.

‘मॅकबेथ’मध्ये शेवटाकडं एक प्रसंग आहे. राणी झालेली ती बाई रात्री झोपेत चालते आणि हात धुतल्यासारखे चोळत राहते. खुनाच्या रात्री तीच नवऱ्याला म्हणाली होती की थोड्या पाण्यानं सगळं निघून जाईल. नाटकभर बहुतेक काव्यात बोलणारी ही बाई इथं गद्यात बोलते, तुटक, अर्धवट, एकाला दुसरं न जुळणारं. जागेपणी जे तिनं कधी नावानं उच्चारलं नाही, ते सगळं आता झोपेत येतं: तो म्हातारा, ते रक्त. ऐकायला वैद्य आणि दासी उभे असतात. त्यांना सगळं कळतं.

मुलांनी विचारलं, “मग तिचं पुढं काय झालं?” सांगितलं, ती मेली. बराच वेळ कुणी बोललं नाही. घंटा झाली तरी कुणी उठेना.

गेल्या महिन्यात दहावीच्या पेपरला पुन्हा माझी ड्यूटी लागली. आधल्या दिवशी कुणीतरी नेहमीच्या आवाजात म्हणालं, “सर, उद्या जरा सहकार्य करा.” मी विचारलं, “म्हणजे नक्की काय करू?” ते हसले. मी हसलो नाही, पुन्हा विचारलं. त्यांना ते वाक्य सरळ शब्दांत सांगता आलं नाही. विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीपाशी उभा राहिलो नाही.